कोच गेला तर दिलेल्या शब्दाचं काय?

प्रश्न

आम्ही गेली बावीस वर्षं टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा इथेच जन्मला, आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी सॉकर खेळायचा. नववीत शाळेच्या कोचनी त्याला अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये किकर, म्हणजे बॉलला लाथ मारून गुण मिळवणारा, म्हणून घेतलं आणि सगळं घर त्यात ओढलं गेलं. जूनमध्ये त्याने एका कॉलेजला तोंडी होकार दिला, इथल्या भाषेत ‘कमिट’ केलं. तिथले स्पेशल टीम्सचे, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीचे, कोच वर्षभर त्याच्याशी बोलत होते. खरं सांगायचं तर त्यांच्यावर भरवसा ठेवूनच आम्ही हो म्हणालो. आता ती टीम सारखी हरतेय आणि हेड कोचना काढणार अशी चर्चा आहे. मुलाने विचारलं तर हे कोच म्हणाले, “मी कुठेही जात नाहीये.” मध्येच दुसऱ्या एका कॉलेजचे कोच फोन करू लागलेत. मॅच बघायला ये म्हणतात आणि वर “सध्या कुणाला सांगू नकोस” असंही म्हणतात. मुलाला जायचंय. ह्यांचं म्हणणं, शब्द दिला म्हणजे दिला. सांगलीहून सासरेही फोनवर तेच सांगतात. ते निवृत्त शिक्षक आहेत. मला वाटतं, कोचमंडळी मनात येईल तेव्हा उठून जातात, मग सतरा वर्षांच्या पोरानेच का बांधून घ्यायचं? पण लपवाछपवीही नको वाटते. काय करावं?

— एक आई, टेक्सास

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं: “सध्या कुणाला सांगू नकोस.” सगळ्या गोंधळाची गाठ तिथे आहे. तुमच्या लेकाने दुसरं कॉलेज बघायला जाण्यात खोटेपणा नाही. चोरून जाण्यात आहे. आणि जो कोच सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात लपवायला शिकवतो, तो उद्या त्याच मुलापासून काय काय लपवेल, याचा विचार घरी बसून नीट करा. ताकाला जायचं तर भांडं हातात दिसू दे.

मी तेरा वर्षं मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची सल्लागार होते. मैदानावरचं मला फार कळत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत कोच बदलले की माझ्या ऑफिसात येऊन बसणारी पोरं मी पाहिली आहेत. एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. सही करून दोन महिने झाले होते आणि त्याला आणणारा कोच दुसरीकडे गेला होता. मला म्हणाला, “मॅडम, आता मला इथे कुणी ओळखत नाही.” एवढं बोलून त्याने अकाउंटिंगचा वर्ग कधी असतो ते विचारलं. तो टिकला, कारण त्याला तो विषय खरोखर आवडत होता. त्याच्याबरोबर आलेले दोघे टिकले नाहीत.

आधी तुमच्या यजमानांचं आणि सासऱ्यांचं म्हणणं घेऊ. ते बरोबर आहेत, आणि ते जुन्या वळणाचे म्हणून त्यांची समजूत काढायला मी बसलेली नाही. शब्दाला किंमत असतेच. फक्त जूनमध्ये नेमका कोणता शब्द दिला गेला, ते तपासायला हवं. तोंडी कमिटमेंट नियमाने कुणालाच बांधत नाही, मुलाला नाही आणि कॉलेजलाही नाही. आपल्याकडे बोलणी होतात, पत्रिका बघून होतात, दोन्हीकडून होकार जातो, पण याद्या झालेल्या नसतात, तशी ही पायरी आहे. या पायरीवरून मागे येता येतं. पण मागे येणारं घर समोरच्याला निरोप देतं. तो निरोप न देता तिसरीकडे मुलगी बघायला जाणाऱ्यांना आपण काय म्हणतो, ते आजोबांना विचारा.

किकरच्या बाबतीत तर हे जास्तच लागू पडतं. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एका वर्षी चार-पाच घेतले जातात. किकर बहुधा एकच. तुमच्या लेकाने हो म्हटल्यावर त्या कॉलेजने दुसऱ्या किकर मुलांना फोन करणं बंद केलं असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे त्याच्या शब्दावर एक जागा राखून ठेवली गेली आहे आणि कुठल्या तरी गावातला एक मुलगा त्यामुळे थांबला आहे. म्हणून हा मुलगा डळमळीत झाला असेल तर ते लवकर सांगणं हे त्याचं देणं आहे. शब्द पाळण्याचा मला दिसणारा अर्थ हा आहे. मन बदललं तरी तोंड बंद ठेवून डिसेंबरपर्यंत रेटत नेणं, याला मी शब्द पाळणं म्हणणार नाही.

आता कोचच्या शब्दाकडे येते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो खोटा नाही. लुइझियानातल्या बॅटन रूजच्या एलएसयू विद्यापीठाची हेड कोचची खुर्ची घ्या. २७ नोव्हेंबर २०२१ ला ओक्लाहोमाचे कोच लिंकन रायली यांना पत्रकारांनी त्या खुर्चीबद्दल विचारलं. त्यांनी ठामपणे सांगितलं की एलएसयूचा पुढचा हेड कोच मी नसेन. दुसऱ्या दिवशी ते यूएससी विद्यापीठात, थेट कॅलिफोर्नियात गेले. वाक्य अक्षरशः खरं होतं. नरो वा कुंजरो वा! ओक्लाहोमाला कमिट केलेल्या मुलांच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, याची कल्पना तुम्ही आज करू शकता. मग एलएसयूच्या खुर्चीवर नोटर डेमचे ब्रायन केली आले, तेही टीमचा मोसम पुरता संपायच्या आत, आणि १० वर्षांचा करार घेऊन. चौथ्या मोसमात, २६ ऑक्टोबर २०२५ ला, त्यांना काढलं. त्यांच्या जागी लेन किफिन आले. ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाला, त्यांनी ११ विजय मिळवून दिले होते आणि ती टीम पहिल्यांदाच प्लेऑफच्या, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या सामन्यांच्या, दारात उभी होती. ३० नोव्हेंबरला त्यांनी जाण्याचं जाहीर केलं. हायस्कूलच्या मुलांनी कॉलेजच्या कागदावर सह्या करायचा दिवस ३ डिसेंबर होता. म्हणजे ओल मिसला कमिट केलेल्या मुलांना विचार करायला तीन दिवस मिळाले.

त्याही आधीची गोष्ट निक सेबन यांची. मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक टीमचे कोच असताना २१ डिसेंबर २००६ ला त्यांनी स्पष्ट सांगितलं की मी अलाबामाचा कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ ला ते अलाबामाचे कोच झाले. तिथे त्यांनी पुढे जे केलं ते सगळ्या देशाने पाहिलं, आणि ते वाक्य लोक विसरून गेले. यशामागे ही वाक्यं बुजून जातात, ताई, म्हणूनच ती पुन्हा बोलली जातात.

पण तुमच्याशी बोलणारे कोच हेड कोच नाहीत. ते स्पेशल टीम्सचे, म्हणजे असिस्टंट. या दोघांना एका तागडीत तोलू नका. हेड कोचना काढलं तर त्यांच्या करारातली रक्कम त्यांना मिळते. टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा देणं ७ कोटी ५० लाख डॉलरच्या वर होतं. असिस्टंटच्या हातात बहुधा तेवढं नसतं. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्यांना दोन आठवड्यांत घर विकायला काढावं लागतं. “मी कुठेही जात नाहीये” हे त्यांनी म्हटलं तेव्हा ते खोटं बोलले असतील असं मला वाटत नाही. पण त्यांचं जाणं-राहणं त्यांच्या हातात नाही, आणि ते त्यांनी सांगायला हवं होतं. “मला राहायचंय, पण हेड कोच गेले तर मी असेनच असं नाही” असं म्हणाले असते तर तुमचा विश्वास वाढला असता.

म्हणून “तुम्ही राहणार का?” हा प्रश्न यापुढे विचारायचाच नाही. त्याचं एकच उत्तर येतं आणि ते कामाचं नसतं. ज्याचं उत्तर कागदावर तपासता येईल किंवा त्या माणसाच्या स्वतःच्या हातात असेल, असं विचारा. या वर्षी अजून एखाद्या किकरशी बोलताय का? ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, मोठ्या वयाचा किकर घ्यायचा विचार आहे का? ऑफर पूर्ण शिष्यवृत्तीची आहे की अर्ध्या? १०५ जणांच्या रोस्टरमध्ये, म्हणजे टीमच्या यादीत, त्याचं नाव धरलेलं आहे का?

शेवटचे दोन प्रश्न नवे आहेत. २०२५ च्या जूनमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या ‘हाउस’ खटल्याच्या तडजोडीला मान्यता दिली. त्यानंतर ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांत फुटबॉलच्या ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि १०५ खेळाडूंची मर्यादा आली. वरवर बघता जागा वाढल्यासारख्या वाटतात. पण पूर्वी शिष्यवृत्तीवाल्यांच्या जोडीला वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या, मुलांची रांग असायची आणि टीम १०५ च्या पुढे सहज जायची. किकर मंडळी बरीचशी त्याच रांगेतून वर यायची. ती वाट आता अरुंद झालीय. शिवाय शिष्यवृत्ती तुकड्यांत वाटायला परवानगी मिळालीय, म्हणून ‘ऑफर’ या शब्दात आज काहीही मावतं. जूनमध्ये तुम्हाला जे सांगितलं गेलं ते लेखी आहे का, हे आज रात्री शोधा. शेवटच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून कॉलेजला लेखी ऑफर देता येते. ती आली नसेल तर का आली नाही, हा सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न आहे.

दोन मुलांच्या गोष्टी सांगते. दोन्ही एकाच आठवड्यातल्या, फेब्रुवारी २०१५ च्या. डेट्रॉइटचा माइक वेबर, रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा. मिशिगन की ओहायो स्टेट यात तो बरेच दिवस अडकला होता. त्याने ओहायो स्टेटला सही केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला शिकवणार असलेले कोच स्टॅन ड्रेटन शिकागो बेअर्स या व्यावसायिक टीमकडे निघाले. पोराने आपलं दुखणं जाहीरपणे मांडलं. दुसरा रोक्वान स्मिथ, जॉर्जियातल्या छोट्या गावातला लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू. त्याने टीव्हीवर कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचं नाव घेतलं. पण सहीचा कागद पाठवण्याआधी कळलं की तिथले कोच जेफ अल्ब्रिक अटलांटा फाल्कन्सला जाणार आहेत. त्याने कागद रोखून धरला. थोड्या दिवसांनी तो जॉर्जिया विद्यापीठात गेला, आणि तिथेही बांधून घालणाऱ्या ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही न करता फक्त आर्थिक मदतीच्या करारावर केली. पुढे २०१८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम्सच्या खेळाडू-निवडीत, तो आठव्या क्रमांकावर निवडला गेला.

यातून पहिला फसला आणि दुसरा जिंकला असा अर्थ काढू नका. वेबर ओहायो स्टेटलाच राहिला आणि पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, तो बॉल घेऊन १,०९६ यार्ड धावला. त्याचं कॉलेज त्याने नीट निवडलेलं होतं, म्हणून कोच गेल्यावरही तो उभा राहिला. स्मिथने एक मोठी गोष्ट केली ती अशी की कॅमेऱ्यासमोर सांगून झालं म्हणून लाजेखातर सही केली नाही. आपल्या घरांत ही लाज फार मोठी असते. चार लोकांना सांगून झालंय, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात टाळ्या वाजल्यात, आता मागे कसं यायचं! तुमच्या घरात ही लाज बसली असेल तर तिला उठवा.

ते ‘लेटर ऑफ इंटेंट’ १९६४ पासून होतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं असायचं की ही सही संस्थेशी आहे, कोचशी नाही, आणि कोच गेला तरी ती बांधील राहील. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते बंद झालं. आता आर्थिक मदतीच्या करारावरच सही होते आणि ती झाली की इतर कॉलेजांनी मुलाशी बोलणं थांबवायचं असतं. काही कॉलेजांत सोबत पैशांचा वेगळा करारही येतो आणि त्यात लवकर सोडून गेल्यास रक्कम परत करण्याचं कलम असू शकतं. तसा कागद आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. ओळखीतला इमिग्रेशनचा वकील इथे चालणार नाही, कराराचं काम करणारा हवा.

आता एक बारकावा, जो मला वाटतं तुमच्या घरी कुणी सांगितला नसेल. पोर्टलमधून दुसरीकडे जाण्याची मुदत सगळ्यांसाठी २ ते १६ जानेवारी अशी ठरली. हेड कोच बदलला तर त्या टीममधल्या मुलांना वेगळी १५ दिवसांची मुदत मिळते, नवा कोच ठरल्यानंतर पाचव्या दिवसापासून. हा नियम २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आला, त्याआधी ३० दिवस मिळायचे. पण हे सगळं हेड कोचसाठी. स्पेशल टीम्सचा कोच गेला तर कुठलीही वेगळी मुदत मिळत नाही. तुमच्या लेकाचं नातं ज्या माणसाशी आहे, त्याच्या जाण्याची दखल नियम घेतच नाही.

म्हणून त्याला वहीत दोन रकाने करायला सांगा. एकात कोचमुळे असलेली कारणं, दुसऱ्यात कोचशिवायची: विषय, गाव, घरापासूनचं अंतर, आधीचा किकर अजून किती वर्षं तिथे आहे, मैदान छताखाली आहे की वाऱ्यात, खेळ सुटला तरी तिथली पदवी हवीशी वाटेल का. दुसरा रकाना रिकामा राहिला तर त्याने कमिटमेंट कॉलेजला दिलेलीच नाही, एका माणसाला दिली. मग ती मागे घेणं अप्रामाणिक नाही. उशिरा कळलं, एवढंच. आणि दुसरा रकाना भरला तर बाहेरचे फोन आपोआप हलके होतील. हेच दोन रकाने त्या दुसऱ्या कॉलेजसाठीही करा. तिथले कोच तरी डिसेंबरनंतर कुठे असतील?

वाट पाहणं हाही एक रस्ता आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. साधारण पाच आठवड्यांत ते व्हर्जिनिया टेकला गेले आणि कमिट केलेली बरीच मुलं त्यांच्यामागे गेली. ३ डिसेंबरला सह्या सुरू झाल्या तेव्हा पेन स्टेटला हेड कोचच नव्हता. नवे कोच मॅट कॅम्पबेल दोन दिवसांनी ठरले. त्या दिवशी तिथे सही करणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तुमच्याकडेही तसंच झालं तर डिसेंबरातच सही केली पाहिजे असं नाही. सह्यांसाठी फेब्रुवारीचा पहिला बुधवारही आहे. मात्र तोपर्यंत किकरच्या जागा भरत जातात, आणि जानेवारीत पोर्टलमधली अनुभवी मुलं समोर येतात. थांबायचं तर ही किंमत माहीत असून थांबा. माझं स्वतःचं मत विचाराल तर, हेड कोच नसलेल्या टीमच्या कागदावर मी माझ्या मुलाला सही करू दिली नसती; दिली असती तर दुसरा रकाना गच्च भरलेला असता तरच.

आता या आठवड्यात काय करायचं ते. मुलाने दुसऱ्या कॉलेजच्या कोचना आधी कळवायचं: “मला यायला आवडेल, पण मी आमच्या कोचना सांगून येईन.” ते चिडले किंवा गप्प झाले तर तुमचा खर्च आणि शनिवार दोन्ही वाचले. ते “ठीक आहे” म्हणाले तर मग स्वतःच्या कोचना फोन. मेसेज नको, आईबाबांनी बोलणंही नको. त्याच्याच तोंडून, साधारण असं: “कोच, जूनमध्ये मी मनापासून हो म्हटलं होतं. आता जे ऐकू येतंय त्याने मी आणि घरचे काळजीत आहोत. मी एक कॉलेज बघायला जाणार आहे. तुम्हाला हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच सांगतोय. तुम्ही दुसरा किकर बघायला लागलात तर मला समजेल, फक्त मलाही सांगा.”

यात धोका आहे, तो मी लपवत नाही. काही कॉलेजं असं सांगतात की कमिट केल्यावर दुसरीकडे गेलास तर जागा सोडली असं धरू. तसं झालं तर त्याच्या हातून एक जागा जाईल आणि तुम्हाला वाटेल की या बाईचं कशाला ऐकलं. तरीही मी हेच सांगेन. मॅचच्या दिवशी मैदानावर फोटो निघतात आणि दुपारपर्यंत ते सगळीकडे पोचतात. लपवलेलं लपत नाही. आणि ज्या कॉलेजला मोकळेपणाने सांगितलेलं चालत नाही, तिथे पहिली किक हुकल्यावर काय वागणूक मिळेल? किकरचं आयुष्य हुकलेल्या किकनंतरच्या सोमवारी कळतं.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांना हेही सांगा की नातू शब्द मोडत नाहीये, उघडपणे परत तपासतोय. कोचना सोयीचा दिवस विचारून संध्याकाळी फोन ठरवा. तुम्ही दोघं दुसऱ्या खोलीत थांबा, दाराशी नको. तुमच्याकडे संध्याकाळचे सात होतात तेव्हा सांगलीत पहाट झालेली असते. कोचशी बोलणं झालं की त्याला तसाच आजोबांना फोन लावू द्या. ते उठलेले असतील.